एकमताने मंजूर

"काय पेपरवाले, आज काय मंजूर झालं?"

सकाळी स्कूटर पुसायला मी अंगणात आलो की पलीकडून हा प्रश्न यायचा. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. ताई त्या भिंतीवर दोन्ही तळहात उपडे ठेवून उभ्या असायच्या. गळ्यात शिवणाची टेप, पदराला दोन-चार टाचण्या. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलं की एकही सकाळ चुकायची नाही.

मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मुंबईहून आणि हिवाळ्यात नागपूरहून अधिवेशनाच्या बातम्या यायच्या. त्या कापायच्या, त्यांना मथळे द्यायचे आणि पानात बसवायच्या, हे माझं काम. अशा बातम्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तुम्हीही क्वचितच पाहिला असेल. इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत तर ताई सोडून कुणीच नव्हतं. आणि त्या नुसत्या वाचायच्या नाहीत, उलटतपासणी घ्यायच्या.

"ठराव मंजूर झाला म्हणजे कायदा झाला का?"

"नाही ताई. ठराव म्हणजे सभागृहाचं म्हणणं. कायदा व्हायला विधेयक लागतं, मग त्यावर सही."

"म्हणजे ठराव ही नुसती इच्छा." मग थोडं थांबून, "आणि हे 'गदारोळात मंजूर' म्हणजे हो काय? कुणी ऐकलंच नाही, तरी मंजूर?"

"तरी मंजूर."

"आमच्याकडं पण असंच असतंय," असं म्हणून त्या हसायच्या.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव असतात, गेलेल्या सदस्यांना श्रद्धांजली. ती बातमी ताई सगळ्यात आधी वाचायच्या. "सगळे उभे राहतात का हो तेव्हा?" त्यांनी एकदा विचारलं. राहतात, मी म्हणालो. "बरं करतात. माझ्या वेळी सगळे बसूनच होते."

आम्ही तेव्हा गल्लीत नवीन होतो. मला वाटलं, बाईंची बोलण्याची एक तऱ्हा असेल. त्या अशी वाक्यं फार बोलायच्या. कुणी चहाचा आग्रह केला की म्हणायच्या, "आण बाई, मेलेल्या माणसाला साखरेचं कसलं पथ्य?" यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन ताईंना मिळायचं. त्यासाठी दर वर्षी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी ताई ठेवणीतली साडी नेसून जायच्या आणि येताना गल्लीत पेढे वाटायच्या. "सरकार म्हणतंय मी जिवंत आहे. तुमचं काय म्हणणं?"

मीही हसायचो. मग एक दिवस माझ्या बायकोनं मला सांगितलं, "त्यांच्या माणसांनी त्यांचं दहावं घातलंय. जिवंतपणी."

ताईंचं माहेर चांदवडच्या बाजूचं. सासरही त्याच समाजातलं. समाज लहान, पण त्याची जातपंचायत जबर. लग्न कुणाशी करायचं, भांडण कसं मिटवायचं, सगळं पंच ठरवायचे. यजमान गेल्यावर ताईंनी शिवणाचे क्लास घेऊन एकुलत्या मुलीला इंजिनियर केलं. मुलीनं पुण्यात ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. ताई लग्नाला गेल्या, अक्षता टाकल्या, विहिणीच्या गळ्यात पडून रडल्या.

महिनाभरात पंचांनी बोलावलं. मुलगी मेली असं जाहीर करायचं, तिचं दहावं घालायचं, म्हणजे विषय संपला. ताई देवळाच्या पटांगणात सगळ्या पुरुषांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझी लेक जिवंत हाय. काल रात्री फोनवर वरणाला फोडणी कशी द्यायची विचारत होती. तिला मी कशी मारू? कुणाला मारायचंच असंल तर मला मारा."

पंचांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. आजपासून ही बाई मेली, असं ठरलं. कुणी तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तिचं दहावं तिच्या धाकट्या भावानं घालायचं. भावाला दोन मुली होत्या, दोघींची लग्नं समाजातच व्हायची होती. तो खाली मान घालून बसला होता. "सगळ्यांनी हात वर केले," ताई सांगायच्या. "एकमतानं."

दहावं रामकुंडावर होतं. एका चुलत जावेनं चोरून फोन केला आणि ताई गेल्या. डोक्यावरून पदर घेऊन समोरच्या पायऱ्यांवर बसल्या. अलीकडे ताई, मध्ये पाणी, पलीकडे ताईंचा पिंड.

"कावळा शिवंना," त्या मला सांगत होत्या. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. त्या दिवशी त्यांनी माझं मनगट फार घट्ट धरलं होतं. "एवढे कावळे तिथं, पण एकही खाली येईना. पंच ताटकळले, उन्हानं वैतागले. कुणी म्हणालं, हिची वासना अडकली. मला वाटलं, ओरडून सांगावं, अरे, अजून मीच अडकलेय! मग भाऊ पुढं झाला. पिंडापुढं वाकला. हात जोडून काहीतरी बोलला, आणि लगेच कावळा उतरला."

"काय बोलले?"

"तेच तर नाय ना कळलं. मध्ये नदी."

मग माझं मनगट सोडून त्या म्हणाल्या, "उठले आणि मला लय भूक लागली. समोर जाऊन झणझणीत मिसळ खाल्ली. स्वतःच्या दहाव्याला मिसळ खाणारी मी एकटीच असेन."

आम्ही दोघंही हसलो. 

त्यानंतरची त्यांची वर्षं कशी होती, ते शेजारी असूनही आम्हाला अर्धंच कळलं असेल. भद्रकालीच्या भाजीबाजारात त्यांची सख्खी चुलती समोर आली. ताई तिच्यासमोर थांबल्या. चुलती त्यांच्याकडे बघून थांबलीसुद्धा नाही. "तोंड फिरवलं असतं तर बरं वाटलं असतं हो," ताई म्हणाल्या. "ती माझ्यातून पलीकडं बघत होती. तिथं मी नव्हतेच." त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "जरा माझ्याशी भांड गं." काहीही, पाण्यावरून, कचऱ्यावरून. दोघी खोटं खोटं भांडल्या. मग ताई शांत होऊन घरी गेल्या.

आणि मग ते विधेयक आलं. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारं विधेयक विधिमंडळात मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. बातमी माझ्याच टेबलावर आली. मी मथळा द्यायच्या आधी ताईंना फोन केला. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. जातपंचायतीनं वाळीत टाकणं, धार्मिक विधीपासून, लग्नापासून, मयतीपासून रोखणं, सगळं त्यात होतं.

"विरोधी पक्ष पण हो म्हणाला?"

"सगळे म्हणाले."

"एकमतानं," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उच्चारला. "म्हणजे आजपासून?"

मला सांगावं लागलं, की नाही, आजपासून नाही. यावर राष्ट्रपतींची सही व्हायची आहे. मग राजपत्रात येईल, मग लागू.

सहीला वर्षाहून जास्त काळ लागला. तेवढे दिवस भिंतीवरचा प्रश्न बदलला होता. "सही झाली का?" एवढंच. मी मान हलवायचो. त्या "असू दे, त्यांना पण कामं असतात" म्हणून आत जायच्या. त्याच काळात त्यांची आई गावी वारली. कुणी कळवलं नाही. तेराव्यानंतर कधीतरी त्या चुलत जावेचा फोन आला. त्या दिवशी ताईंनी क्लासला सुट्टी दिली नाही. पोरींना ब्लाऊजची बाही कशी बसवायची ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता स्वतःचंच बोट सुईखाली घेतलं.

कायदा लागू झाला तेव्हा मला वाटलं, ताई तक्रार करतील. आमच्या गल्लीतल्या वकिलांनी अर्ज लिहायची तयारीही दाखवली.

"कुणावर करू? भावावर? दहावं तर त्यानं घातलं," ताई म्हणाल्या. "मला त्याला एकदाच भेटायचंय. तो काय बोलला तेवढं विचारायचंय. आता माझ्याशी बोलला म्हणून त्याला कुणी दंड नाही करू शकत. कायदा हाय."

गावात जायची त्यांना भीती वाटत होती. भाऊ कांदा घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येतो, हे माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. ट्रॅक्टर आणि टेम्पोंच्या रांगा लागल्या होत्या, हवेत कांद्याचा उग्र वास आणि साली उडत होत्या. ताई एकेक ट्रॅक्टर बघत चालल्या होत्या. एका ट्रॉलीपाशी एक किडकिडीत, पिकल्या मिशांचा माणूस टोपीनं वारा घेत उभा होता. ताई त्याच्यासमोर जाऊन थांबल्या.

त्यानं पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मला वाटलं, हाही आता त्यांच्यातून पलीकडे बघणार.

"आक्का," तो म्हणाला, "तू लय वाळलीस गं."

ताईंनी त्याचं मनगट धरलं. म्हणाल्या, "तू काय बोलला होतास? त्या दिवशी. पिंडापुढं."

"तू होतीस तिथं?"

"माझंच दहावं. मी नसंन का?"

तो ट्रॉलीच्या चाकावर बसला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "म्हणलं, आक्का, आईला कळू देणार नाय. बाकी समद्यांसाठी तू गेली, पण आईसाठी जित्ती ठेवीन. एवढंच म्हणलं."

आणि त्यानं तसंच केलं होतं. म्हातारीला दिसत कमी होतं, घराबाहेर ती पडत नव्हती. घरात सगळ्यांना ताकीद होती. तो दर आठवड्याला तिला सांगायचा, आक्काचा फोन आला होता, क्लास जोरात चालू हाय, लेकीकडं पुण्याला गेलीय, येईल दिवाळीला. म्हातारी विचारायची, मग माझ्याशी का बोलत नाय? हा म्हणायचा, तू झोपली होतीस. "जाताना म्हणली, आक्काला म्हणावं, मी रागावले नाय, तिला कामं असत्यात."

ताई त्या बाजारात, त्या सगळ्या गोंगाटात, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या कांद्याचा लिलाव कधी होऊन गेला, ते दोघांनाही कळलं नाही.

पण तिथं समाजाची माणसंही होती. आठवडाभरात पंचांनी भावाला बोलावलं. मेलेल्या बाईशी बोललास, मग तूही तिकडचाच. त्याच्या थोरल्या मुलीची सुपारी फुटली होती, ती मोडली. एका दुपारी तो ताईंच्या दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही ते त्याला समजत नव्हतं. ताईंनी त्याचा हात धरून आत घेतलं, जेवायला वाढलं. मग साडी बदलून बाहेर आल्या आणि भिंतीवरून मला म्हणाल्या, "चला पेपरवाले. वकिलांना पण घ्या. आता अर्ज करायचा."

तालुक्याच्या पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण होता, चांगला होता. त्यानं विचारलं, "तक्रारदार कोण?"

"मी," ताई म्हणाल्या.

"तुमच्यावर काय अन्याय झाला?"

"मला मारलं, साहेब."

"कशानं मारलं?"

"एकमतानं."

त्याला कळेना. मग वकिलांनी समजावलं, आणि ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. अधिकारी लिहिताना मध्येच थांबला आणि त्यानं शिपायाकडून त्यांच्यासाठी पाणी मागवलं. म्हणाला, "मावशी, मी आजच त्यांना बोलावतो."

तिसऱ्या दिवशी पंच आमच्या गल्लीत. पांढरे कपडे, हातात नारळ. ज्या घरचं पाणी प्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं, त्या घराच्या ओट्यावर ते अवघडून बसले होते. म्होरक्या म्हणाला, "झालं गेलं विसरा. तुम्हाला परत समाजात घेतो. एक छोटी शुद्धी करू, संपलं."

"मला घ्यायला नको," ताई म्हणाल्या. "मी कुठं गेलेच नव्हते. पोरीचं लग्न मोडलंत ते जोडा. आणि देवळापुढं जिथं मला मेली म्हणालात, तिथंच सगळ्यांना बोलवा आणि म्हणा, ही जिवंत हाय. उभं राहून म्हणा."

ठरल्या दिवशी ताई स्वतः गावी गेल्या. त्यांच्याबरोबर मुलगी, जावई, आम्ही दोघं, वकील. पटांगण भरलं होतं. म्होरक्यानं खाली बघत, घाईघाईनं ठराव सांगितला. अमुक बाई जिवंत आहे, तिच्या भावावर कसलाही दोष नाही. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, मंजूर? हात वर झाले. माणसं उभी राहिली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हुंदका दिला.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. आम्हालाही वाटलं. परतीच्या वाटेवर मी गाडीत मागे वळून म्हणालो, "ताई, झालं एकदाचं मंजूर." त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"काही वाटलं नाय हो पेपरवाले," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल."

भाचीचं लग्न झालं. ताईंनी तिचे सगळे ब्लाऊज शिवले, पण लग्नात पंगतीला बसल्या नाहीत. कुणी हाताला धरून बसवायला गेलं की म्हणायच्या, तुम्ही बसा, मी आलेच. मांडवाच्या कडेला उभ्या राहून त्या सगळ्यांना जेवताना बघत होत्या. भाजीबाजारातली ती चुलती वयानं मोठी असूनही येऊन पाया पडली, तेव्हा दोन पावलं मागे सरकल्या. माझ्या बायकोला नंतर म्हणाल्या, "त्यांनी मला जिवंत केलं गं. पण मला सवय लागून गेलीय. त्यांच्यात गेलं की मीच मला दिसत नाय."

नातेवाईक सुरुवातीला यायचे. ताई त्यांना चहा द्यायच्या आणि स्वतः दारात उभ्या राहायच्या. हळूहळू येणं कमी झालं. माणसं वाईट नव्हती. इतक्या वर्षांत बोलायचं राहून गेलेलं इतकं होतं, की कुठून सुरुवात करायची तेच कुणाला सुचत नव्हतं. भाऊ मात्र यायचा. मशीनशेजारी बसून राहायचा.

अधिवेशनं येत राहिली, विधेयकं मंजूर होत राहिली. ताईंनी विचारणं बंद केलं. मी निवृत्त झालो होतो, पण सवयीनं पेपर भिंतीवर ठेवून यायचो. दुपारी बघावं तर घडीसुद्धा मोडलेली नसायची.

मधल्या काळात त्या एकदा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन देहदानाची नोंद करून आल्या होत्या. मुलीला एवढंच म्हणाल्या, "त्या पोरांना शिकायला उपयोग होईल. आणि कुणाला ताटकळत बसावं लागणार नाय."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. मुलगी पुण्याहून आली, भाऊ गावाहून आला. महाविद्यालयाची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. एका शेजाऱ्यानं भावाला विचारलं, तरी घरी काहीतरी विधी कराल ना? तो नाही म्हणाला. "एकदा केलंय. आता नाय करणार."

दुपारी ताईंच्या घरात बरीच माणसं जमली होती. गावाकडच्या बायका शिवणाच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुठं बसावं, कशाला हात लावावा, ते त्यांना माहीत नव्हतं. घर त्यांच्या माणसाचं होतं, पण पाण्याचा माठ कुठं आहे ते माझी बायको सांगत होती. अर्धवट शिवलेला एक गुलाबी ब्लाऊज मशीनवर तसाच होता.

भावाची धाकटी मुलगी माझ्याजवळ आली. ताईंचं दहावं घातलं तेव्हा ती पाळण्यात होती. नंतर आत्याकडे यायची मुभा मिळाली, तर ही शिकायला बाहेरगावी, वसतिगृहात. आत्याला तिनं थोरल्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभं राहिलेलं पाहिलं होतं, तेवढंच.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही रोज बोलायचात ना आत्याशी? तिचा आवाज कसा होता?"

मी तोंड उघडलं. जाड होता म्हणावं, की घोगरा? मोठा होता, पण कर्कश नव्हता. शब्द एकेक करून मनात आले आणि एकही बरोबर वाटला नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिनं ताईंच्या मुलीकडे पाहिलं. मुलीनं ओठ घट्ट मिटून मान खाली घातली. खोलीतल्या गावाकडच्या बायकांचं कुजबुजणंही थांबलं.

"सांगा ना," ती म्हणाली.

सगळेच तो आवाज आठवत होते. दाराबाहेर चपला तुडवत कुणीतरी आत आलं, आणि सगळ्यांना असं कान लावून बसलेलं बघून तेही तसंच उभं राहिलं.